संशोधनाचा हिशेब आणि भिंतीतली ओल

खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी फिरताना आमच्या सोसायटीतल्या सावंतांनी मला गाठलं. "काय हो, तुम्ही जन्मभर ऑडिट केलंत. मला एक सांगा. आपल्या इथल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, टाटाच्या डॉक्टरांनी आणि आयआयटीवाल्यांनी मिळून कॅन्सरवर नवा उपचार काढला. सरकारचे कोटी गेले त्यात. ते कारणी लागले की वाया गेले, हे कोण ठरवतं?"

"यूसी बघतात," मी सवयीने म्हणालो.

"ती कोण?"

"युटिलायझेशन सर्टिफिकेट. उपयोगिता प्रमाणपत्र. ज्या कामाला पैसे दिले त्याच कामावर खर्चले, असं लिहून द्यायचं असतं."

"म्हणजे खर्च झाले एवढंच कळलं. उपयोग झाला का, ते कुठे कळलं?"

एवढ्यात सर आली आणि आम्ही दोघे मेट्रो स्टेशनच्या आडोशाला पळालो. उत्तर द्यायचं राहिलं. निवृत्तीनंतर वेळ भरपूर असल्याने मी या विषयावर बरंच वाचलं. त्यातलं जे समजलं ते लिहितो.

आधी त्या उपचाराविषयी. त्याला कार-टी पेशी उपचार म्हणतात. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर बसवून त्यांच्यात नवं जनुक पोचवतात. त्यामुळे काही रक्ताच्या कॅन्सरमधल्या पेशींवर असलेली सीडी-१९ नावाची खूण त्यांना ओळखता येऊ लागते. मग या पेशी वाढवून त्याच रुग्णाला परत देतात. भारतातला या प्रकारचा पहिला उपचार जून २०२१ मध्ये अ‍ॅक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात झाला. चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला त्याचं लोकार्पण झालं. नाव नेक्सकार-१९.

आता हे काम एकट्याच्या आवाक्यातलं नाही, हे उघड आहे. जनुकाची रचना करणारा जीवशास्त्रज्ञ हवा, पेशी निर्जंतुक जागेत वाढवणारा अभियंता हवा. उपचारानंतर ताप चढतो, रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून अतिदक्षता विभागात रात्र काढणारे डॉक्टर आणि नर्स हव्यात. किती रुग्णांवर चाचणी घेतली म्हणजे निष्कर्ष पक्का, हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ हवा. शिवाय परवानग्यांची कागदपत्रं सांभाळणारा माणूस. त्याला कोणी विचारत नाही, पण तो नसेल तर सगळं ठप्प.

अशा कामाला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. शब्द अंगावर येतो, अर्थ सोपा आहे. आमच्या घरचंच उदाहरण देतो. दोन पावसाळे बाथरूमलगतच्या भिंतीला ओल येत होती. प्लंबर आला, म्हणाला पाइप ठीक. वॉटरप्रूफिंगवाला आला, म्हणाला गच्ची ठीक. लादीवाला आला, त्याने दोन लाद्या बदलल्या, पैसे घेतले आणि गेला. तिघांचीही कामं चोख, तिघांची बिलंही चोख, आणि भिंत ओलीच. हे झालं बहुविद्याशाखीय काम: अनेक जाणकार, पण प्रत्येकजण आपापल्या खोलीत. तिसऱ्या पावसाळ्यात एका जाणत्या मिस्त्रीने प्लंबर आणि लादीवाला दोघांना एकाच दिवशी बोलावलं, रंगाचं पाणी ओतलं आणि तासभर तिघंही उकिडवे बसून बघत राहिले. नहाणी ट्रॅप आणि लादी यांच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. तो सांधा प्लंबरच्याही हद्दीत नव्हता आणि लादीवाल्याच्याही. तिघांनी मिळून बघितलं म्हणून सापडला; हे झालं आंतरविद्याशाखीय काम.

सांघिक संशोधनाचं मोल असंच सांध्यात असतं. आणि ऑडिट करणारे आम्ही मात्र पाइप वेगळा तपासतो, लादी वेगळी.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे शोधनिबंध मोजणं. किती निबंध छापून आले, कुठल्या नियतकालिकात, त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर किती. हा आकडा मुळात ग्रंथालयांना कुठली नियतकालिकं विकत घ्यावीत हे ठरवायला सोयीचा म्हणून आला. एखाद्या नियतकालिकातल्या लेखांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो, एवढंच तो सांगतो. त्यावरून त्यातल्या एका निबंधाची किंवा तो लिहिणाऱ्या माणसाची किंमत करणं म्हणजे डब्यातल्या गर्दीची सरासरी उंची काढून दारात लटकलेल्याला पँट शिवण्यासारखं. या प्रकाराला कंटाळून काही संपादक आणि संशोधक २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमले आणि त्यांनी एक जाहीरनामाच काढला: माणसं निवडताना, बढत्या आणि अनुदानं देताना हा आकडा वापरू नका. सह्या जगभरातून झाल्या. सवय मात्र मोडलेली नाही.

संघाच्या बाबतीत या मोजणीत आणखी एक गोची आहे, आणि ती ऑडिटवाल्याला पटकन दिसते. समजा तीन संस्थांनी मिळून एक निबंध लिहिला. तिघीही आपापल्या वार्षिक अहवालात तो दाखवतात, त्यात खोटं काही नाही. पण मंत्रालयात तिन्ही अहवालांची बेरीज झाली की एकाचे तीन होतात. मग कोणी शहाणा म्हणतो, प्रत्येकीला एक तृतीयांश द्या. तसं केलं की संस्थांना कळतं, एकटीने केलं तर पूर्ण गुण, मिळून केलं तर तिसरा हिस्सा. मग कशाला मिळून करतील?

माणसांचंही तेच. वैद्यकीय महाविद्यालयात बढती मिळताना निबंधावर नाव कितव्या क्रमांकावर आहे, हे बघतात. पंधरा जणांच्या यादीत नवव्या नंबरवरच्या संख्याशास्त्रज्ञाने चाचणीचा अख्खा आराखडा बांधला असेल, पण नववा तो नववा. यावर एक तोडगा निघाला आहे. निबंधाच्या शेवटी कोणी काय केलं हे लिहायचं: कल्पना कोणाची, आकडेमोड कोणाची, पैसे कोणी आणले, मसुदा कोणी लिहिला. अशा १४ भूमिकांची ठरलेली यादी आहे आणि बरीच नियतकालिकं ती मागतात. सिनेमाच्या शेवटी नावांची पाटी सरकते ना, तशी. मला हा उपाय पटतो, कारण तो स्वस्त आहे आणि खोटं लिहिलं तर चौदा सहकारी बघत असतात.

खरा घोळ वेळेचा आहे. मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवलं ते इथे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९९ मध्ये तंबाखूच्या व्यसनावर काम करणारी काही मोठी केंद्रं उभी केली. मेंदूतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, धोरण अभ्यासक, सगळे एका अनुदानाखाली. पुढे तिथल्याच मूल्यमापकांनी एक चांगला प्रश्न विचारला: याच विषयावर एकेकट्या संशोधकाला दिलेल्या अनुदानांशी तुलना केली तर काय दिसतं? २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिली तीनेक वर्षं केंद्रं मागे पडलेली दिसली, एकेकटे संशोधक पुढे. त्यानंतर चित्र पालटलं आणि दहा वर्षांच्या हिशेबात केंद्रांच्या निबंधांचा वेग जास्त निघाला.

कारण समजायला अवघड नाही. मानसशास्त्रज्ञ 'व्यसन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक असतं, मेंदूतज्ज्ञाच्या मनात दुसरं. पहिलं वर्ष तर एकमेकांचे शब्द समजण्यात जातं. नव्या सुनेला सासरची आमटी जमायला जेवढा वेळ लागतो तेवढा तरी द्यायला हवाच ना?

आता आपल्याकडे या. आपली बरीच संशोधन अनुदानं तीन वर्षांची असतात. तीन वर्षं झाली की अंतिम अहवाल, यूसी, हिशेब बंद. म्हणजे संघ नेमका जिथे सर्वांत मागे दिसण्याची शक्यता, तिथेच आपण फूटपट्टी लावतो. मी स्वतः अशा फायली बंद केल्या आहेत. 'अपेक्षित उद्दिष्टं अंशतः साध्य' असा शेरा मारायला दोन मिनिटं लागतात.

उशीर किती असू शकतो, याचा नमुना खाडीपलीकडेच आहे. टाटा मेमोरियलच्या लोकांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. वस्त्यांचे वीस गट, सुमारे दीड लाख स्त्रिया, वय ३५ ते ६४. त्यातल्या निम्म्या गटांत आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी तपासणी करत. या कार्यकर्त्या म्हणजे दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका. गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे साधारण व्हिनेगरच, लावायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. सोबत स्तनांची हाताने तपासणी. कर्करोगतज्ज्ञ, समाजसेवक, संख्याशास्त्रज्ञ आणि वस्तीतल्या बायका, असा हा संघ. पैसे बहुतांशी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे. सार्वजनिकच, फक्त दुसऱ्या देशातल्या करदात्यांचे.

तिसऱ्या वर्षी कोणी हिशेब मागितला असता तर काय दिसलं असतं? पगार, प्रवास, व्हिनेगर. वाचलेला जीव एकही दाखवता आला नसता. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. स्तनांच्या तपासणीचा निकाल यायला २०२१ उजाडलं, आणि तो सरळ नव्हता. सगळ्या वयोगटांचा मिळून फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होते.

या दुसऱ्या निकालाला पास म्हणायचं की नापास? मी म्हणेन, ज्या देशात प्रत्येक तालुक्याला मॅमोग्राफीचं यंत्र पुरवणं परवडणार नाही, तिथे कोणत्या वयाच्या बाईवर हाताच्या तपासणीची मेहनत घ्यायची, हे कळलं. त्यासाठी वीस वर्षं घालवणं मला महाग वाटत नाही.

याच चाचणीवरून वादही झाला, तो लपवून चालणार नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना आरोग्याची माहिती दिली गेली, तपासणी नाही. त्यांच्यातल्या काही या आजाराने गेल्या. तुलना केल्याशिवाय उपाय लागू पडतो हे सिद्ध होत नाही, हे एका बाजूचं म्हणणं. जी तपासणी उपयोगी आहे असं जगाला आधीच माहीत होतं ती का नाकारली, हे दुसऱ्या बाजूचं. मूल्यमापनाच्या कुठल्याही फॉर्ममध्ये याला रकाना नसतो. तो असायला हवा, आणि तो भरायचं काम संशोधकांकडे नको, बाहेरच्या माणसाकडे हवं.

मग निबंध नाही तर मोजायचं काय? ब्रिटनमध्ये ब्रुनेल विद्यापीठातल्या मार्टिन बक्स्टन आणि स्टीव्ह हॅनी यांनी १९९०च्या दशकात एक आराखडा केला. त्याचं नावच 'पेबॅक', परतावा. त्यांनी विचारलं, परतावा कुठकुठल्या खिशात येतो? एक खिसा ज्ञानाचा, निबंध त्यातच पडतात. दुसरा पुढच्या संशोधनाचा: नवी माणसं तयार झाली का, नवं तंत्र हाताशी आलं का. तिसरा धोरणांचा आणि उत्पादनांचा. चौथा रुग्णांचा: आयुष्य वाढलं का, उपचार स्वस्त झाला का. पाचवा अर्थव्यवस्थेचा.

नेक्सकार-१९ या खिशांत टाकून बघा. ज्ञानाचा खिसा: चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या रक्तविकारविषयक नियतकालिकात आले. ६४ रुग्ण होते, आणि ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद मिळाला. दुसऱ्या खिशात पडले ते पेशी घडवण्याचं तंत्र शिकलेले हात, आणि माझ्या मते सगळ्यांत मौल्यवान हेच. ते ताळेबंदात येत नाहीत. तिसऱ्यात आयआयटीतून निघालेली कंपनी आणि मिळालेली परवानगी. चौथ्या खिशात हात घातला की जरा अडखळायला होतं. परदेशात अशाच उपचाराला कित्येक कोटी लागतात, त्या मानाने हा फारच स्वस्त, पण तरी बाजारात आला तेव्हा किंमत चाळीस-पन्नास लाखांच्या घरात होती. खारघर स्टेशनवरून अ‍ॅक्ट्रेककडे जाणाऱ्या बसमध्ये हातात एक्स-रेचं मोठं पाकीट धरून बसलेल्या माणसाला 'कित्येक पटींनी स्वस्त' हा शब्द काय कामाचा?

त्यातच सगळ्यांत अवघड प्रश्न दडलेला आहे: हे पैसे दिले नसते तर काय झालं असतं? मूल्यमापनाचा जीव याच प्रश्नात आहे आणि तो विचारायचा बहुतेक जण टाळतात, कारण न घडलेली गोष्ट दाखवायची कशी? परदेशी कंपन्यांचा उपचार कधीतरी आलाच असता, परदेशी भावाने. म्हणजे सरकारी पैशाचं श्रेय 'उपचार मिळाला' याला नाही, भावातल्या फरकाला आणि इथे तयार झालेल्या हातांना द्यायला हवं. हा हिशेब लहान दिसतो, पण खरा आहे.

उलट टोकाचे हिशेबही असतात. ब्रिटनमध्ये २००८ साली एका अभ्यासाने सांगितलं की हृदयविकारावरच्या संशोधनात सरकारने आणि धर्मादाय संस्थांनी घातलेल्या प्रत्येक पौंडामागे, म्हणजे शंभर पेन्समागे, दरवर्षी ३९ पेन्सचा लाभ कायम मिळत राहतो: ९ आरोग्याचे, ३० अर्थव्यवस्थेचे. आकडा भाषणात छान वाजतो. आत डोकावलं की कळतं, संशोधनापासून लाभापर्यंत १७ वर्षं लागतात असं त्यात धरलं आहे. ती वर्षं बदला, आकडा बदलतो. मी असा आकडा फाइलवर आलेला बघितला असता तर समासात लिहिलं असतं, 'गृहीतकाचा आधार जोडावा'.

पैसे देतानाच संघांवर अन्याय होतो, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात पाच वर्षांतले १८,४७६ अनुदान प्रस्ताव तपासून २०१६ मध्ये असं आढळलं की प्रस्तावातल्या विद्याशाखा एकमेकींपासून जितक्या लांबच्या, तितकी अनुदान मिळण्याची शक्यता कमी. समितीतला हृदयरोगतज्ज्ञ हृदयाचा भाग वाचतो आणि म्हणतो, यात नवीन काही नाही. संगणकतज्ज्ञ त्याचा भाग वाचून तेच म्हणतो. नवीन जे आहे ते दोघांच्या मधे आहे, आणि तिथे कोणी बसलेलंच नाही.

तरीही 'मोठा संघ चांगला' असा मंत्र जपायची गरज नाही. २०१९ मध्ये कोट्यवधी निबंध, पेटंट आणि संगणक प्रणाली चाळून झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मोठे संघ असलेली वाट रुंद करतात, नवी वाट पाडण्याचं काम जास्त करून लहान गटच करतात. मोठ्या अनुदानासाठी ऐनवेळी जमवलेले संघही मी पाहिले आहेत. पाच संस्थांची नावं, पाच बोधचिन्हं, आणि पैसे आले की पाच वाटे. नंतर कोणी कोणाला फोन करत नाही.

असा कागदी संघ ओळखायचा कसा? याला एक सुंदर पद्धत आहे. कागदावर प्रत्येक संशोधकासाठी एक ठिपका काढायचा. ज्यांनी मिळून काही लिहिलं, विद्यार्थी वाटून घेतला, नमुने एकमेकांकडे पाठवले, त्यांच्यात रेघ. अनुदानाआधीचा एक नकाशा आणि चार-पाच वर्षांनंतरचा एक. रेघा आपापल्या खात्याच्या झुबक्यातच राहिल्या असतील तर समजावं, पैसे वाटले गेले. झुबक्यांमधून रेघा गेल्या असतील तर काहीतरी शिजतंय, निबंध अजून आला नसला तरी. जोडीला माणसांशी बोलायचं. 'तुमच्या सहकाऱ्यामुळे तुम्ही तुमचा कुठला विचार बदललात?' या प्रश्नावर जो लगेच बोलू लागतो तो खऱ्या संघातला.

या रेघांचा पुरावा कुठे सापडतो? बैठकांच्या हजेरीपटात, इतिवृत्तात, एकमेकांच्या प्रयोगशाळेत गेल्याच्या प्रवासभत्त्यात. म्हणजे नेमक्या त्याच कागदांत, जे आमच्या ऑडिट पार्टीला संशयास्पद वाटायचे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका संस्थेत, नाव सांगत नाही, असाच एक संयुक्त प्रकल्प माझ्यासमोर आला होता. दर शुक्रवारी दुपारी डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसत. विषयपत्रिका नाही, निर्णय नाही, नुसता चहा, वडे आणि अकरा-बारा सह्या. मी हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटची लेखी हरकत, काढलं: सदर बैठकांचा प्रकल्पाच्या उद्दिष्टांशी संबंध दिसून येत नाही, खर्च अमान्य. मुख्य संशोधक बाईंनी उत्तरात एकच ओळ लिहिली होती, "प्रकल्प तिथेच होतो." मला ते उद्धट वाटलं. हरकतीचा पॅरा कायम ठेवला आणि ४,३२० रुपयांची वसुली झाली.

सावंतांना अजून हे सांगितलेलं नाही.